अबिस्कोचा हिवाळा, स्नोशू घालून

उत्तरवाट

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "नॉर्दर्न लाइट्स सोडले तर तिकडे हिवाळ्यात बघायचं काय?" तिथे प्रतिसाद लिहायला घेतला आणि तो एवढा लांबला की वेगळा धागा काढतेय.

आम्ही उत्तर स्वीडनमध्ये लुलेओला राहतो. इथली मुलं चालायला लागली की वर्षभरात स्कीवर उभी राहतात. आपण येतो ते पंचविशीत, तिशीत, नोकरी नाहीतर शिक्षणाच्या निमित्ताने. स्की अंगवळणी पडायला दोन-तीन हिवाळे सहज जातात, पडण्याची धास्ती असते ती वेगळीच. मग बहुतेक मराठी घरांमधला हिवाळा खिडकीच्या अलीकडेच संपतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण इथलं वर्षाचं निम्मं जगणं बर्फातच असतं. आणि त्यात शिरायला एक साधा रस्ता आहे. ज्याने गुंजवण्यातून राजगड चढलाय त्याला स्नोशूवर चालणं अर्ध्या तासात जमतं.

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट. बुटाच्या तळव्यापेक्षा तिचं क्षेत्रफळ साधारण तीन-चारपट असतं, त्यामुळे वजन पसरतं. ताज्या भुसभुशीत बर्फात तरीही वीतभर पाय आत जातोच, पण नुसत्या बुटांनी मांडीपर्यंत जातो, हा फरक. पावलाचा पुढचा भाग एका बिजागरीवर बसवलेला असतो आणि टाच मोकळी. पाऊल उचललं की मागचं टोक खाली लोंबतं आणि वरचा बर्फ आपोआप झटकला जातो. चवड्याखाली धातूचे दात असतात, ते चढावर आणि कडक बर्फावर रुततात. चांगल्या जोडीला टाचेखाली एक तारेची कमान असते. चढ लागला की काठीच्या टोकाने ती वर करायची, म्हणजे टाच उंचावर टेकते आणि पोटरी भरून येत नाही. हातमोजे घालून पट्टे आवळता येतात की नाही हे घरीच करून बघा. उणे वीसमध्ये उघड्या बोटांनी धातूचं बक्कल लावायची वेळ येऊ देऊ नका.

आता अबिस्को. उत्तर स्वीडनमधलं हे ठिकाण आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटर. स्टॉकहोमहून नॉर्वेतल्या नार्विक बंदराकडे जाणारी रात्रीची गाडी थेट तिथे थांबते. किरुनाचं लोहखनिज त्या बंदरात नेण्यासाठी हा लोहमार्ग बांधला, १९०३ साली त्याचं उद्घाटन झालं, आणि आजही खनिजाच्या लांबच लांब मालगाड्या त्यावरून जातात. १९०९ साली स्वीडनने युरोपातली पहिली राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, त्यांतलं एक अबिस्को. समोर तोर्नेत्रेस्क नावाचं सत्तर किलोमीटर लांबीचं सरोवर आणि दक्षिणेला लाप्पोर्तेन. दोन डोंगरांमधली ती इंग्रजी यू अक्षरासारखी दरी हिमनदीने कोरलेली आहे. सामी, म्हणजे इथले मूळचे रहिवासी, तिला चुओन्यावाग्गी म्हणतात.

पश्चिमेचे नॉर्वेचे डोंगर समुद्रावरून येणारे ढग अडवतात, त्यामुळे अबिस्कोला वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. म्हणून तर तिथे आकाश मोकळं मिळतं. पण म्हणूनच बर्फही बेताचा. खोल बर्फ हवा असेल तर त्याच गाडीने तासाभराच्या आत रिक्सग्रेन्सन गाठा. सीमेवरच्या त्या स्टेशनात बर्फाच्या भिंती असतात.

पहिल्या दिवशी सरोवराकाठच्या भूर्ज वनात चाला. ही डोंगरी भूर्जं माणसाच्या दीड-दोनपट उंचीची, वाकडीतिकडी, वाऱ्याने पिळलेली. या वनात मूस नावाचं अजस्र हरीण हिंडतं. त्याची पावलं खोल खड्ड्यांसारखी दिसतात आणि आसपासच्या फांद्यांचे शेंडे कुरतडलेले असतात. कोल्ह्याची पावलं एका सरळ रेषेत. पहाडी सशाची पुढे दोन मोठी, मागे दोन लहान. बर्फाळ तितर, म्हणजे इथला टार्मिगन, याच्या बोटांवरसुद्धा दाट पिसं असतात, त्यामुळे त्याच्या पावलाचा ठसा कडांना पुसटलेला उमटतो. हा पक्षी थंडीत बर्फात बीळ करून बसतो. वाटेत बर्फाला एक भोक दिसलं, आजूबाजूला पंखांचे फटकारे उमटलेले दिसले, की समजायचं की रात्र तिथे काढून स्वारी सकाळी थेट आतूनच उडाली.

कधीतरी हाताने बर्फात उभा खड्डा करून त्याचे थर बघा. वर हलका ताजा बर्फ, मग वाऱ्याने दाबलेला कडक पापुद्रा, आणि तळाशी जमिनीला लागून जाड्या साखरेसारखे सुटे दाणे. जमिनीची ऊब वर जाताना तिथली वाफ गोठून हे दाणे होतात. वीतभरापेक्षा जास्त बर्फ असला की वर उणे तीस असताना तळाशी तापमान शून्याच्या आसपास राहतं. त्या सुट्या थरात उंदीर आणि त्यांच्यासारखेच छोटे लेमिंग बोगदे करून अख्खा हिवाळा काढतात. आपण चालत असतो त्यांच्या छपरावर. स्नोमोबाइलवरून हे काहीच दिसत नाही. कुत्र्यांच्या गाडीतूनही नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे सूर्य उगवत नाही. पण दुपारी तीन-चार तास निळसर उजेड असतो, त्यात चालता येतं. नवख्यांनी मात्र फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा पहिला पंधरवडा धरावा. बर्फ भरपूर, दिवस मोठा आणि रात्री अंधारही असतो.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहीन.

सातारकर

सुंदर धागा. बर्फाच्या थरांबद्दलचं पहिल्यांदाच वाचलं. एक शंका. हे स्नोशू तिकडच्या लोकांचे पारंपरिक का? की पर्यटकांसाठी आणलेले?

उत्तरवाट

सातारकर, चांगलं विचारलंत. या भागाची खरी परंपरा स्कीची. स्वीडनमध्येच काल्व्हत्रेस्क इथे १९२४ साली दलदलीत सापडलेली स्कीची जोडी सुमारे ५२०० वर्षं जुनी आहे. सामी लोकही स्कीवरच हिंडायचे.

स्नोशूची मोठी परंपरा उत्तर अमेरिकेत. तिथल्या क्री, ओजिब्वे, ग्विचिन अशा लोकांनी ते कमालीचे विकसित केले. भूर्जाची किंवा अ‍ॅशची लवचिक चौकट आणि तिच्यात कॅरिबू (तिकडचा रेनडियर) किंवा मूसच्या कच्च्या चामड्याच्या बारीक पट्ट्यांचं विणकाम. दाट जंगलात वळायला सोपे असे अस्वलाच्या पंजासारखे गोल, उघड्या मैदानात लांबवर जायला निमुळते. अथाबास्कन लोकांचे काही जोड माणसाच्या उंचीला पोचतील एवढे असायचे. हे विणकाम बरेचदा बायकांच्या हातचं असायचं आणि पट्टीची जाडी बर्फाचा पोत बघून ठरायची. ज्याला आपण आज खेळाचं सामान म्हणतो ते या लोकांसाठी हिवाळ्यात जेवण मिळवायचं साधन होतं.

युरोपातही जुना पुरावा आहे. इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या गुर्गलर आयस्योख खिंडीजवळ २००३ साली ३१३४ मीटर उंचीवर भूर्जाच्या वाकवलेल्या फांदीचा एक स्नोशू सापडला. त्याचा काळ ख्रिस्तपूर्व ३८०० ते ३७०० ठरला.

टॅम्परेकर

फिनलंडकडून भर घालतो. इकडे सारिसेल्का, किलोपा, पल्लास-इल्लास या भागांत स्नोशूसाठी वेगळ्या आखलेल्या वाटा असतात. एक कळकळीची विनंती: यंत्राने तयार केलेल्या स्कीच्या खाचांवरून स्नोशू घालून चालू नका. त्या खाचा मोडल्या की मागून उतारावर वेगाने येणारा माणूस पडू शकतो. आपले लोक नकळत हे करतात आणि मग स्थानिक नाराज होतात. पाटीवर नुसती स्कीची खूण असेल तर ती वाट आपली नाही.

दुसरं म्हणजे उरहो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानातल्या उघड्या झोपड्या. सरकारी वनखातं सांभाळतं, कुलूप नाही, भाडं नाही. आत लोखंडी शेगडी, फळ्यांचे ओटे, बाहेर लाकडाची खोली. रीत अशी की शेवटी येणाऱ्याचा हक्क सर्वांत मोठा, कारण तो सर्वांत दमलेला आणि गारठलेला असतो. आधी आलेल्यांनी सरकून जागा करायची, वेळ आली तर सामान उचलून पुढे निघायचं. निघताना झाडून काढायचं आणि पुढच्याला लगेच पेटवता येतील अशा ढलप्या काढून ठेवायच्या.

आणि थंड हवा जड असते, ती दरीत साचते. वारा नसलेल्या स्वच्छ दिवशी खाली उणे तीस आणि टेकडीच्या माथ्यावर उणे पंधरा, असं लॅपलंडमध्ये नेहमी होतं. खालचा आकडा बघून बेत रद्द करू नका, आणि माथ्यावर बरं वाटलं म्हणून उतरताना जॅकेट उघडं ठेवू नका.

उत्तरवाट

टॅम्परेकर, झोपड्यांची रीत लिहिलीत हे फार बरं केलंत. स्वीडनच्या कुंग्सलेदन वाटेवरच्या झोपड्यांना पैसे पडतात, हिवाळ्यात त्या साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंतच चालू असतात. पण कामाची वाटणी तिथेही तशीच. लाकूड आपण फोडायचं, पाणी सरोवराच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून आपण आणायचं.

बकुळफूल

ताई, लेख वाचून हुरूप आला. आईबाबा फेब्रुवारीत आमच्याकडे गॉथेनबर्गला येताहेत. बाबा ६६, आई ६२. पुण्यात दोघं रोज पर्वती चढतात. आईच्या एका गुडघ्याची थोडी तक्रार आहे. त्यांना नेता येईल का? थंडी झेपेल का हीच काळजी आहे.

उत्तरवाट

बकुळफूल, पर्वती रोजची असेल तर नक्की न्या. गुडघ्याबद्दल मात्र आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, कारण स्नोशूमध्ये पाय थोडे फाकवून टाकावे लागतात आणि पायात वजन असतं. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतकं जाणवतं असं जुने भटके सांगतात, ते खरं वाटतं. सपाट वाट, दोन काठ्या आणि पुढे बर्फ तुडवणारं तरुण माणूस, एवढं सांभाळा. मागून येणाऱ्याला तुडवलेली वाट मिळते, त्याची मेहनत खूपच कमी होते. ताज्या खोल बर्फात पहिला माणूस ताशी एक-दीड किलोमीटरच्या वर जात नाही. त्यामुळे पर्वतीच्या हिशोबाने अंतर ठरवू नका. तीन किलोमीटरची फेरी त्यांना भरपूर आहे.

कपड्यांचं. आतला थर मेरिनो लोकरीचा, सुती काहीही नको, अगदी आईंच्या परकरापासून मोज्यांपर्यंत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलं की अंग गारठतं. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. आईबाबा दारातच सगळं घालून बसतील आणि दहा मिनिटांत घामेजतील, तेव्हा एक थर काढायला तुम्हीच सांगा. थांबलं की जाड जॅकेट लगेच वरून. उणे वीस आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे अंगाला उणे तेहतीस. नाकाचा शेंडा, गाल, कानाच्या पाळ्या एकमेकांच्या बघत राहा. मेणासारखा पांढरा डाग दिसला तर उघडा उबदार तळहात त्यावर ठेवायचा. चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात लावायचा नाही.

पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. चिक्की घरीच बारीक तोडून आतल्या खिशात ठेवा. थंडीत तिला दात लागत नाहीत. फोनही आतल्या खिशात.

फ्योर्डकाठ

मी नॉर्वेत ट्रोम्सोला असतो. लेख आवडला, पण हिमस्खलनाबद्दल लिहिलं नाहीत म्हणून जरा स्पष्टच लिहितो. "स्नोशू सोपे आहेत" हेच धोक्याचं आहे. स्की शिकणारा माणूस शिकताना डोंगर समजून घेतो. स्नोशूवाला पहिल्याच दिवशी तिथे पोचतो जिथे अनुभवी लोक नकाशा बघून जातात.

बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. पण आपण उतारावर नसलो तरी धोका असतो, खालच्या सपाटीवर किंवा घळीत असलो तरी वरचा बर्फ तिथवर येतो. उत्तरवाट यांनी तळाच्या सुट्या दाण्यांबद्दल लिहिलंय, तोच थर अनेकदा दगा देतो. वरचा कडक पापुद्रा त्यावर नुसता टेकलेला असतो. पायाखाली "हुंफ्" असा खोल आवाज आला, बर्फाला लांब भेग गेली, की तो थर बसला असं समजा आणि आल्या पावली सौम्य उतारावर परत फिरा.

नॉर्वेत "वार्सोम" (varsom) या सरकारी संकेतस्थळावर हिवाळाभर रोजचा अंदाज असतो, १ ते ५ अशी धोक्याची पातळी. ३ ऐकायला मधली वाटते, प्रत्यक्षात ती गंभीर आहे. त्याच स्थळावरच्या नकाशात तीव्र उतार रंगवलेले आहेत आणि खाली बर्फ कुठवर येऊ शकतो तेही दाखवलेलं आहे. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची, तेवढ्यात बचावपथक पोचत नाही. त्यामुळे उतारांच्या प्रदेशात जायचं तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), बर्फात खुपसून शोधायची सळई आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. नाहीतर वाटाड्या घ्या. नाहीतर जंगलातल्या सपाट वाटांवर राहा, तिथेही आनंद कमी नाही.

उत्तरवाट

फ्योर्डकाठ, पूर्ण सहमत. स्वीडनचाही असा अंदाज रोज निघतो, अबिस्को-रिक्सग्रेन्सन त्यात आहे. वारा हा दुसरा शत्रू. १९७८च्या फेब्रुवारीत स्वीडनच्या अनारिस डोंगरात ९ जणांचा गट वादळात सापडला आणि ८ जण गारठून गेले. त्यानंतर इथे डोंगरात जाणाऱ्याला दोन गोष्टी सांगतात: वेळेत परत फिरा, आणि फिरता येत नसेल तर अंगात ताकद असतानाच बर्फात खणून आत बसा. म्हणून मी छोट्या फेरीलाही फावडं आणि वाऱ्यात अंगावर ओढायची पिशवी नेते.

हिवाळी वाटा खांबांवरच्या लाल फुल्यांनी आखलेल्या असतात. त्या उन्हाळ्याच्या वाटेपेक्षा वेगळ्या, बऱ्याचदा थेट सरोवरावरून जातात. नवख्याने फुल्या सोडून सरोवरावर जाऊ नये. नदी जिथे सरोवराला मिळते किंवा बाहेर पडते तिथे बर्फ पातळ असतो. आणि बर्फाच्या वजनाने कधीकधी पाणी वर येऊन ताज्या थराखाली दडून बसतं. स्नोशू त्यात बुडला की बाहेर काढताच त्यावर बर्फाचा गोळा धरतो.

रानवाटा

वाचून छान वाटलं, तरी एक खटकलं. अशा लेखांत ही भूमी रिकामी असल्यासारखी दिसते. तिथे सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडियर पाळतात. स्नोशूवाला वाट सोडून कुठेही शिरतो, म्हणजे तो कळपाच्याही वाटेत येतो. त्याबद्दलही लिहायला हवं होतं.

उत्तरवाट

रानवाटा, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि विषय मोठा असल्याने नीट लिहिते. स्वीडनमध्ये रेनडियर पाळण्याचा हक्क सामींचाच आहे. अबिस्कोच्या परिसरात गाब्ना आणि ताल्मा या त्यांच्या समुदायांचे कळप चरतात. कडाक्याच्या हिवाळ्यात कळप पूर्वेकडच्या जंगलात असतात आणि एप्रिलमध्ये डोंगराकडे परततात. तेव्हा माद्या गाभण असतात, मे महिन्यात वितात. हिवाळाभर खुराने बर्फ उकरून खालचं दगडफूल खाऊन त्यांनी जेमतेम ताकद राखलेली असते. आपण दिसलो आणि कळप पळाला, तर ती ताकद उगाच खर्च होते.

म्हणून कळप दिसला की थांबायचं, शक्य तर खाली बसायचं, त्यांना जायचं तिकडे जाऊ द्यायचं. फोटोसाठी जवळ जायचं नाही. कुत्रा असेल तर दोरीवरच. गुराखी दिसला तर त्याला विचारायचं की आम्ही कुठून जाऊ. इथे कुणाच्याही रानातून पायी जायची मुभा सगळ्यांना आहे, पण त्रास द्यायचा नाही आणि नासधूस करायची नाही या अटीवरच.

हवामानबदलाचा फटकाही त्यांनाच आधी बसतोय. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलाय. भर हिवाळ्यात पाऊस पडतो, मग गोठतो, आणि चाऱ्यावर बर्फाचं कडक कवच बसतं. ते खुराने फुटत नाही. मग कळपाला विकतचं खाद्य घालावं लागतं. थरांचा खड्डा केलात आणि मध्ये काचेसारखा गुळगुळीत थर लागला, तर तो अशाच एखाद्या पावसाचा असतो.

रानवाटा

धन्यवाद, अगदी हेच हवं होतं. शक्य झालं तर संपादक मंडळाला सांगून हा प्रतिसाद मूळ लेखात जोडा.

गोदाकाठ

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर असं स्नोशूवर फिरता येतं का? तिथे भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे ना?

फ्योर्डकाठ

हो, न्यू-ओलेसुंदला, २००८ साली सुरू झालं. ते संशोधकांचं गाव आहे. पर्यटक लाँगइयरबिएनला उतरतात. तिथे स्नोशूच्या सहली निघतात, पण गावाबाहेर एकट्याने जायचा विचार करू नका. ध्रुवीय अस्वलांमुळे वस्तीबाहेर त्यांना पळवायची साधनं जवळ ठेवणं बंधनकारक आहे, बंदूकही बाळगतात. २०२५पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि मार्च ते जून ५०० मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. शस्त्र बाळगणारा वाटाड्या घ्याच. शिवाय तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, आणि भर काळोखात अबिस्कोसारखा निळा उजेडही मिळत नाही.

सातारकर

मार्चअखेर चौघं मित्र जायचं ठरवतोय. स्नोशू विकत घ्यावेत की भाड्याने? माप कसं ठरवायचं?

उत्तरवाट

सातारकर, पहिल्यांदा भाड्यानेच. अबिस्कोत मुक्कामाच्या ठिकाणी मिळतात. माप नुसत्या तुमच्या वजनावरून नाही, पाठपिशवीसकट वजनावरून ठरतं. ८० किलोच्या आतबाहेर असाल तर २५ इंची पुरे. त्याहून जड असाल किंवा ताजा खोल बर्फ असेल तर ३० इंची. उगाच मोठे घेऊ नका, भूर्ज वनात वळताना एकमेकांवर पाय पडतात. बूट घोट्यापर्यंतचे, जलरोधक, आणि आत जाड मोजा घालूनही बोटं हलतील एवढे मोठे घ्या. घट्ट बुटात बोटं आधी गारठतात. काठ्यांना बर्फाच्या रुंद चकत्या आहेत ना ते दुकानातच बघा, सह्याद्रीतल्या काठ्या तशाच आणल्यात तर मुठीपर्यंत आत जातील. पायावर बर्फ आत जाऊ नये म्हणून गेटरही मागून घ्या.

चौघं आहात तर पुढे चालणारा दर दहा मिनिटांनी बदला. गाडीची तिकिटं लवकर काढा, मार्चअखेरीस आणि ईस्टरला स्वीडिश लोकही डोंगरातच असतात. तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा, त्या आठवड्याचा बर्फ आणि वारा बघून कुठली वाट घ्यावी ते सांगते.